इशारा जिल्ह्याचा, गारठा शिवाराचा

नेवासा : ‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस आणि गारपिटीची शक्यता. यलो अलर्ट.’ बहुतेक हिवाळ्यांत केव्हा तरी अशा आशयाचा संदेश नेवासा तालुक्यातील मोबाइलवर येऊन पडतो. तो येतो तेव्हा ऊसतोडीचा हंगाम भरात असतो. रांगडा कांदा काढणीच्या वाटेवर असतो, गहू-हरभरा फुलोऱ्यात किंवा दाणे भरण्याच्या अवस्थेत असतो, आणि उघड्या शिवारात मजुरांच्या कोप्या व मेंढपाळांची बिऱ्हाडे उतरलेली असतात. संदेश वाचून प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो. हा इशारा आपल्यासाठी आहे की आणखी कुणासाठी?

या प्रश्नाचे निश्चित उत्तर मिळत नाही. म्हणून संदेश वाचला जातो आणि बाजूला ठेवला जातो. दुसऱ्या दिवशी आकाश निरभ्र राहिले तर हवामान खात्याची थट्टा होते, आणि गारा पडल्या तर ‘सांगूनही कुणी ऐकले नाही’ असा ठपका शेतकऱ्यांवर येतो. वास्तविक दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर असू शकतात. दोष आहे तो मापात. इशारा जिल्ह्याच्या मापाने दिला जातो, पीक विम्याचा हिशेब महसूल मंडळाच्या मापाने होतो, आणि गारांचा पट्टा दोन-चार गावांच्या शिवारापुरता असतो. हिवाळ्यातील आपत्तीचा विचार नेवाशासारख्या छोट्या जागेवरून केला, की ही विसंगती ठळकपणे समोर येते.

गोठणारा पाऊस येथे का पडत नाही?

उत्तर अमेरिकेत आणि युरोपात हिवाळ्यात ‘गोठणाऱ्या पावसा’चा इशारा दिला जातो. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तो चांगलाच परिचयाचा आहे. ढगातून निघालेला हिमकण मधल्या उबदार थरात वितळतो. पुढे जमिनीलगत शून्याखालील तापमानाचा पातळ थर लागतो, त्यात तो थेंब गोठण्याइतका थंड होतो. पण गोठतो मात्र जमिनीला, झाडाला किंवा विजेच्या तारेला टेकल्यावर. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक आणि ऑन्टॅरिओ प्रांतांत असा पाऊस अनेक दिवस पडत राहिला. बर्फाच्या वजनाने विजेचे मनोरे कोसळले आणि तीस लाखांहून अधिक लोक भर हिवाळ्यात अंधारात राहिले.

प्रवरेच्या काठी असे घडत नाही. त्यासाठी जमिनीलगतची हवा शून्याखाली असावी लागते. येथे हिवाळ्यातही पाऊस देणारी हवा दमट आणि तुलनेने उबदार असते. आकाश ढगाळले की रात्रीचे तापमान उलट वाढते, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस शेजारच्या नाशिक जिल्ह्यात निफाड येथे पारा २ अंश सेल्सियसच्याही खाली गेला होता. तथापि ती कोरड्या, निरभ्र रात्रीची थंडी होती.

आपल्याकडे थंडीची रचना उलटी असते. जमीन गरम आणि आकाश थंड. त्यामुळे बर्फ येतो तो गारांच्या रूपाने, किंवा मग येतो केवळ हाडे गोठवणारा गार पाऊस. गारपिटीची दखल आता शासनदरबारी घेतली जाते. गार पावसाची मात्र स्वतंत्र नोंद कोठेच होत नाही, आणि तो किती घातक ठरू शकतो हे नगर जिल्ह्याने २०२१ मध्ये पाहिले आहे.

डिसेंबर २०२१ चा धडा

त्या वर्षी डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत राज्याच्या मोठ्या भागात अवेळी पाऊस झाला. अरबी समुद्रावरून आलेले बाष्प आणि उत्तरेकडील पश्चिमी झंझावात यांची गाठ पडली. दिवसभर सूर्यदर्शन झाले नाही, पाऊस थांबून थांबून पडत राहिला, वारा सुटला आणि दिवसाचे तापमान झपाट्याने उतरले. शहरांत लोकांनी स्वेटर आणि छत्री एकाच दिवशी बाहेर काढली. पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, शिरूर आणि नगर जिल्ह्यातील पारनेर, संगमनेर या भागांत मात्र उघड्यावर बसलेल्या कळपांतील शेकडो मेंढ्या गारठून मेल्या.

त्या दिवशी पारा शून्याच्या जवळपासही नव्हता. ‘थंडीची लाट’ ठरवण्याचे हवामान विभागाचे निकष पाहिले तर तेही लागू होत नव्हते. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आले आणि ते सरासरीपेक्षा साडेचार ते ६.४ अंशांनी कमी असले, तर थंडीची लाट जाहीर होते. घट ६.४ अंशांहून अधिक असेल तर ती तीव्र लाट. किंवा पारा थेट ४ अंशांवर वा त्याखाली उतरला तरी लाट धरली जाते. म्हणजे एखाद्या ठिकाणचे सरासरी किमान तापमान १२ अंश असेल, तर तेथे साडेसात अंशांपर्यंत पारा उतरल्याशिवाय लाटेचा इशारा निघत नाही. ढगाळ, पावसाळी दिवशी किमान तापमान एवढे उतरणे जवळजवळ अशक्य असते.

शरीराला मात्र निकष कळत नाहीत. कोरड्या कपड्यांतील माणूस दहा अंशांत रात्र काढू शकतो. तोच माणूस ओल्या कपड्यांत, वाऱ्यात आणि अर्धपोटी असेल, तर पंधरा अंशांतही त्याच्या शरीरातील उष्णता भराभर निघून जाते. मेंढीची लोकर कोरडी असताना पांघरूण असते. ती भिजली की अंगावरचे ओझे होते. त्यातून नुकती कातरलेली मेंढी किंवा पंधरा दिवसांचे कोकरू असेल, तर एक रात्रही पुरेशी ठरते. थंडी, पाऊस आणि वारा हे तिन्ही आपापल्या रकान्यांत ‘मध्यम’ या सदरात मोडत असताना त्यांची बेरीज जीवघेणी होऊ शकते. इशाऱ्याच्या तक्त्यात तापमानाचा रकाना वेगळा, पावसाचा वेगळा आणि वाऱ्याचा वेगळा असतो. बेरजेचा रकाना नसतो.

त्या घटनेतून दुसरीही एक गोष्ट स्पष्ट झाली. हिवाळी पावसाचा पहिला फटका ज्यांना बसतो, ते बहुधा गावाच्या यादीतच नसतात. मेंढपाळ आज एका शिवारात, तर चार दिवसांनी दुसऱ्या. ऊसतोड मजूर बीड किंवा अन्य जिल्ह्यांतून आलेले असतात. गावच्या दवंडीत, ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सअॅप गटात किंवा कृषी सल्ल्याच्या नोंदणीत त्यांचा नंबर असण्याचे कारण नसते.

गारा कशा तयार होतात, कोठे पडतात

गारपिटीचा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा अलीकडचा अनुभव २०१४ चा. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्याच्या वेगवेगळ्या भागांत गारा कोसळत राहिल्या. तत्कालीन ३५ जिल्ह्यांपैकी २८ जिल्ह्यांना त्याची झळ पोहोचली. गहू, हरभरा, ज्वारी, कांदा, द्राक्षे, डाळिंब असे काढणीच्या उंबरठ्यावरचे पीक मातीत गेले. त्यानंतर २६ नोव्हेंबर २०२३ रोजी, म्हणजे हिवाळा नीट सुरू होण्याआधीच, नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसर आणि नगर जिल्ह्यातील पारनेर तालुका येथे गारांनी दाणादाण उडवली.

गारा हिवाळ्याच्या तोंडाला आणि शेवटाला का पडतात, याचे कारण आकाशाच्या रचनेत आहे. उंच गडगडाटी ढगातील वर जाणारा हवेचा झोत पाण्याचे थेंब शून्य अंशाच्या पातळीपलीकडे नेतो. तेथे काही थेंब शून्याखालीही द्रवच राहतात आणि बर्फाच्या कणाला चिकटत जाऊन गार वाढवतात. झोत जेवढा जोमदार, तेवढी गार मोठी. पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी पाच किलोमीटरहून उंच असते आणि खालची हवा दमट, उबदार असते; गार वाटेतच वितळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ही पातळी खाली येते. मधल्या थरातील हवा कोरडी असते, तिच्यातून पडताना बाष्पीभवनामुळे गार थंड राहते आणि न वितळता जमिनीवर पोहोचते. दुपारपर्यंत तापलेली जमीन, बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून आलेले बाष्प आणि उत्तरेकडील पश्चिमी झंझावातामुळे वर शिरलेली थंड हवा, या तीन गोष्टी एकत्र आल्या की मध्य महाराष्ट्र व मराठवाड्याच्या सीमेवरचा हा पट्टा धोक्यात येतो. नेवासा नेमका याच सीमेवर आहे. टोके-प्रवरासंगमला प्रवरा गोदावरीला मिळते, पलीकडचा काठ मराठवाड्याचा.

अशा ढगाचा घेर काही किलोमीटरांचा असतो आणि त्याचे आयुष्य तास-दीड तासाचे. वाऱ्याच्या दिशेने सरकताना तो गारांचा एक अरुंद पट्टा मागे सोडून जातो. म्हणूनच कुकाण्यात गारांचा खच आणि घोडेगावात कडक ऊन, असे एकाच दुपारी घडू शकते. शेतकरी याला नशीब म्हणतो. हवामानशास्त्रज्ञ त्यालाच ‘तुरळक ठिकाणी’ म्हणतात.

‘तुरळक’ या शब्दाचा अर्थ

हा शब्द हवामान विभाग सहज वापरत नाही. त्याला ठरलेला अर्थ आहे. एखाद्या विभागातील २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’, २६ ते ५० टक्के असेल तर ‘काही ठिकाणी’, ५१ ते ७५ टक्के असेल तर ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि त्याहून अधिक असेल तर ‘बहुतांश ठिकाणी’ अशी वर्गवारी आहे. म्हणजे ‘तुरळक ठिकाणी गारपीट’ या इशाऱ्यातच, जिल्ह्यातील तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भागात काहीही होणार नाही हे गृहीत असते. गारा न पडलेल्या गावाने इशारा खोटा ठरवणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

रंगांचेही तसेच. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे कृती करा. पिवळा रंग हा ‘घाबरू नका’ असा दिलासा नव्हे. पुढच्या सूचनेकडे डोळे लावून बसा, असा तो निरोप आहे. ती पुढची सूचना म्हणजे दर तीन तासांनी निघणारा आणि पुढील तीन तासांसाठीच असणारा तात्कालिक अंदाज. गारपिटीबाबत गावाच्या पातळीवर काही उपयोगाचे कळू शकत असेल, तर ते बहुधा याच शेवटच्या तीन तासांत. चार दिवस आधीचा इशारा सर्वांपर्यंत पोहोचतो. तीन तास आधीचा मात्र फारच थोड्या लोकांपर्यंत जातो.

जिल्हा हे एकक येथे अपुरे पडते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. चौदा तालुके आणि १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक विस्तार. नेवाशापासून हवाई अंतराने सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला अकोले, जेथे कळसूबाईचे शिखर आणि मुसळधार पावसाचा घाटमाथा. आणि जवळपास तेवढ्याच अंतरावर आग्नेयेला जामखेड, जे बालाघाटाच्या कुशीत. या तिघांना एकच रंग लावला, की त्या रंगातून तालुक्याला फारसे काही कळत नाही. थंडीच्या आकड्यांचेही असेच. राज्यातील कमी तापमानाच्या यादीत नगरचे नाव अनेकदा वरच्या ओळींत झळकते, परंतु तो आकडा नगर शहरातील केंद्राचा असतो. नदीकाठच्या सखल शिवारात निरभ्र रात्री थंड हवा उतारावरून खाली येऊन साचते. प्रवरेकाठच्या भाजीपाल्याने सोसलेली थंडी त्या आकड्यात दिसेलच असे नाही.

रडारचीही मर्यादा आहे. डॉप्लर रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी वक्र आहे. त्यामुळे अंतर वाढते तसा किरण जमिनीपासून उंच होत जातो. मुंबईपासून नेवासा हवाई अंतराने दोनशे किलोमीटरहून दूर. इतक्या अंतरावर सर्वांत खालचा किरणही चार किलोमीटरहून अधिक उंचीवरून जातो, आणि मध्ये सह्याद्री आहे. ढगाचा माथा दिसतो, पण त्याच्या तळाशी काय चालले आहे ते नीट कळत नाही. देशातील रडारची संख्या वाढवण्याचा समावेश असलेल्या ‘मिशन मौसम’ला केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, त्यामागे ही गरजही आहे.

हंगामी अंदाजावर किती विसंबावे?

हिवाळ्याच्या सुरुवातीला हवामान विभाग तीन महिन्यांचा हंगामी अंदाज प्रसिद्ध करतो. यंदा कडाक्याची थंडी की सौम्य, अशा बातम्या त्यावरूनच होतात. त्यात प्रशांत महासागरातील ‘एल निनो’ व ‘ला निना’ यांचा उल्लेख हमखास असतो. हा अंदाज संभाव्यतेच्या भाषेत, विस्तीर्ण प्रदेशासाठी आणि तीन महिन्यांच्या सरासरीसाठी असतो. गव्हाला थंडीचे पुरेसे दिवस मिळतील का, वीज आणि पाण्याची मागणी कशी राहील, अशा प्रश्नांना तो उपयुक्त आहे.

गारपिटीसाठी मात्र त्याचा आधार घेता येत नाही. वर उल्लेखिलेल्या तीन घटना एकापुढे एक मांडल्या तर हे ध्यानात येईल. २०१४ च्या गारपिटीच्या वेळी प्रशांत महासागर तटस्थ स्थितीत होता. डिसेंबर २०२१ मध्ये ‘ला निना’ होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये जोरदार ‘एल निनो’ होता. महासागराच्या तीन निरनिराळ्या अवस्थांत तीन आपत्ती आल्या. साहजिकच ‘यंदा हिवाळा सौम्य’ या बातमीवरून कांदा उघड्यावर ठेवण्याचा निर्णय कुणी घेऊ नये. तीन महिन्यांची सरासरी सौम्य असतानाही एक दुपार हंगाम संपवू शकते.

थंडी ही सरसकट शत्रू नव्हे, हेही सांगितले पाहिजे. गहू आणि हरभऱ्याला ती हवीच असते. डिसेंबर-जानेवारीतील कोरडी, स्थिर थंडी म्हणजे रब्बीचे चांगले पीक, असे समीकरण शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. त्यांना धास्ती असते ती थंडीच्या मध्येच येणाऱ्या ढगाळ हवेची. कांद्याच्या पातीवर करपा पडतो तो अशाच दिवसांत, आणि गारांनी पात फाटली असेल तर रोगाला वाट मोकळी होते. काढून शेतात वाळत घातलेला कांदा भिजला, तर तो वरून चांगला दिसूनही साठवणुकीत सडतो. घोडेगावच्या बाजारात या कांद्याला काय भाव मिळतो, हे मग पुण्या-मुंबईच्या मंडईतही दिसते. शहरी वाचकाला नेवाशाचे हवामान एवढ्या मार्गाने तरी घरपोच येते.

पंचनामा आणि विमा

आपत्ती येऊन गेल्यावर दुसरा अध्याय सुरू होतो. केंद्राच्या आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत गारपीट पूर्वीपासून आहे. कडाक्याची थंडी आणि हिमकण यांचा समावेश २०१२ मध्ये झाला. अवेळी पाऊस मात्र या केंद्रीय यादीत नाही. राज्याने आपल्या पातळीवर त्याला आपत्ती मानले आहे आणि त्यासाठी निधीच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे गार पडली तर एक खाते, नुसता पाऊस पडला तर दुसरे. एकाच ढगातून दोन्ही येतात, आणि दुसऱ्या दिवशी गार वितळलेली असते.

मदतीसाठी पूर्वी किमान ५० टक्के नुकसान आवश्यक होते. २०१५ च्या अवकाळीनंतर ही अट ३३ टक्क्यांवर आणण्यात आली, ही निश्चितच सुधारणा होय. २०२२-२३ पासूनच्या केंद्रीय निकषांनुसार दोन हेक्टरच्या मर्यादेत कोरडवाहू पिकासाठी हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीसाठी १७ हजार आणि बहुवार्षिक पिकासाठी २२,५०० रुपये असे दर ठरले. राज्य शासनाने वेळोवेळी त्यात आपली भर घातली आहे. मेंढीसाठी ४ हजार रुपये आणि तीस जनावरांची मर्यादा. शे-दीडशे मेंढ्यांचा कळप घेऊन फिरणाऱ्या कुटुंबाला ही मर्यादा काय वाटत असेल, ते वेगळे सांगायला नको.

विम्याचे चित्र अधिक चिंताजनक आहे. पंतप्रधान पीक विमा योजनेत गारपीट ही ‘स्थानिक आपत्ती’ मानली जात असे. शेतकऱ्याने ७२ तासांत कळवायचे आणि त्याच्या शेताची स्वतंत्र पाहणी व्हायची. प्रत्यक्षात या पाहण्यांबाबत तक्रारी भरपूर होत्या, तरी तत्त्व योग्य होते. मे २०२५ मध्ये राज्य शासनाने एक रुपयातील विमा बंद करून सुधारित योजना आणली. तीत २०२५ च्या खरिपापासून स्थानिक आपत्तीसह अतिरिक्त संरक्षणाच्या बाबी वगळण्यात आल्या आणि पीक कापणी प्रयोगावर आधारित उत्पन्न हाच निकष ठेवण्यात आला. गैरप्रकार आणि शासनावरील वाढता भार ही त्यामागील कारणे खोटी नव्हती. परंतु पीक कापणीचा निष्कर्ष महसूल मंडळाच्या सरासरीचा असतो. मंडळातील तीन गावे गारांनी झोडपली आणि बाकीच्या गावांत पीक चांगले आले, तर सरासरी सावरते आणि झोडपलेल्या गावांचे नुकसान त्या सरासरीत लपून जाते. विम्यात ही वाट बंद झाली की उरतो तो तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांचा पंचनामा.

महसूल मंडळांत ‘महावेध’ प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे २०१७ पासून उभी राहिली. ती तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस मोजतात. गार पडली की नाही, ते त्यांना कळत नाही. त्यामुळे गारपिटीचा पुरावा आजही शेतकऱ्याच्या मोबाइलमधील छायाचित्र हाच आहे.

तालुक्याने काय करावे?

यंत्रणा सुधारत आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायत पातळीवरील पाच दिवसांचा अंदाज उपलब्ध झाला. मे २०२५ मध्ये सहा किलोमीटरच्या जाळीवर चालणारी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली. विजेसाठी ‘दामिनी’ आणि शेती सल्ल्यासाठी ‘मेघदूत’ ही अॅप आहेत. शेजारीच राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. दुसरीकडे जिल्हा पातळीवर अंदाजाचे शेतीच्या भाषेत रूपांतर करून देणारे देशातील १९९ कृषी हवामान कक्ष २०२४ मध्ये बंद करण्यात आले. आकडा बारीक होत गेला आणि तो समजावून सांगणारा माणूस कमी झाला, असा हा विरोधाभास आहे.

तो माणूस तालुक्यालाच उभा करावा लागेल. त्यासाठी नव्या योजनेची वा मोठ्या निधीची गरज नाही. भेंडे येथील ज्ञानेश्वर आणि सोनई येथील मुळा या दोन सहकारी साखर कारखान्यांकडे कोणत्या शिवारात कोणती टोळी तोडीवर आहे, याची रोजची नोंद असते. मुकादमांचे क्रमांक असतात. इशाऱ्याच्या दिवशी शेतकी विभागाने हाच मार्ग वापरला, तर जी माणसे कोणत्याही यादीत नाहीत त्यांच्यापर्यंत तासाभरात निरोप पोहोचू शकतो. पावसात कोप्या गळतात. त्या रात्रीपुरती शाळेची खोली, समाजमंदिर किंवा गोदाम लहान मुलांसाठी आणि बाळंतिणींसाठी उघडणे ग्रामपंचायतीच्या हातात आहे. मेंढपाळांच्या बाबतीत पशुवैद्यकीय दवाखाने हे करू शकतात, कारण कळप तालुक्यात आला की त्यांच्याशी संपर्क येतोच.

बाजार समितीच्या आवारात आणि गावोगावच्या मोकळ्या जागेत पडलेल्या कांद्यासाठी तीन तासांच्या अंदाजाचाच उपयोग. ताडपत्री घालायला तेवढा वेळ पुरतो. शनिशिंगणापूरला देवाच्या चौथऱ्यावर छत नाही आणि शनिअमावास्येला तेथे गर्दी लोटते. वादळी हवेचा इशारा असेल तेव्हा भाविकांना पक्क्या इमारतीत हलवण्याची तयारी हवी. पत्र्याची शेड म्हणजे निवारा नव्हे. एप्रिल २०२३ मध्ये अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळात शेडवर झाड कोसळून सात भाविकांचा मृत्यू झाला, तो याच गैरसमजाने.

शासनाकडे मागण्या दोनच. पहिली, तापमान, पाऊस आणि वारा यांची बेरीज करून ‘गार पावसा’चा स्वतंत्र इशारा असावा. त्यासाठी लागणारे तिन्ही आकडे आजही हाताशी आहेत. दुसरी, गारपिटीच्या नुकसानीचा हिशेब पुन्हा शेताच्या पातळीवर व्हावा. गैरप्रकार रोखण्यासाठी उपग्रह छायाचित्रांपासून ड्रोनपर्यंत साधने आता उपलब्ध आहेत. त्यासाठी मंडळाची सरासरी हा एकच मार्ग नव्हे.

नेवाशात सातशेहून अधिक वर्षांपूर्वी, शके १२१२ मध्ये, ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका सांगितली. संस्कृतातील ज्ञान सामान्य जनांच्या बोलीत आणण्याचे ते काम होते, आणि पैस खांब आजही त्याची साक्ष देत उभा आहे. हवामान विभागाचा रंगीत नकाशा कांदा उत्पादकाच्या, मुकादमाच्या आणि मेंढपाळाच्या भाषेत आणण्याचे काम त्यापुढे फारच लहान आहे. पुढचा पिवळा इशारा येण्याआधी तालुक्यातील कारखाने, बाजार समिती, नगरपंचायत व ग्रामपंचायती यांनी एका बैठकीत कुणी कुणाला फोन करायचा, एवढे ठरवले तरी पुढच्या गार पावसाच्या रात्री कोपीतल्या मुलांना कोरडी जागा मिळू शकेल.